झडतीची खोली

माझं आणि सासूबाईंचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करीन, ते कोणी सुनेची साखरपेरणी समजणार नाही. बायजा त्यांचं नाव. कालवणात मीठ जास्त पडलं तरी बोलायच्या, कमी पडलं तरी बोलायच्या, आणि बरोबर पडलं तर "आज कोनी शिकवलं?" म्हणून विचारायच्या.

राघो माझा धाकटा दीर. आमच्या खाडीकाठच्या आगरी वस्तीतून ठाण्याच्या म्युनिसिपालिटीत तो निवडून आला, तेव्हा माजिवड्याच्या पाहुण्यांपर्यंत पेढे गेले. निवडणुकीत त्याने फार भाषणं केली नव्हती. "मला निवडून द्या, मी ती मिठाची कचेरी पाडून दाखवतो," एवढंच तो दारोदार सांगत फिरला, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

ती कचेरी भर बाजारपेठेत होती. काळा दगड, वर कौलं, पुढे रुंद ओसरी, आत सागवानी खांब. मिठागरातलं मीठ होड्यांनी यायचं, तिच्या पटांगणात तोललं जायचं, त्यावर कर भरला की मग पुढे जायचं. मीठ पिकवणारे आम्ही, पाट्या वाहणारे आम्ही, आणि संध्याकाळी घरी निघालं की फाटकात झडतीही आमचीच. मूठभर मीठ सापडलं तर मजुरी बुडायची, वर शिव्या. स्वराज्य यायच्या तोंडावर मिठावरचा कर उठला, आणि कचेरीला कुलूप लागलं. सहा वर्षं झाली तरी तिचं करायचं काय, ते ठरत नव्हतं.

कल्याणच्या एका शेटला ती पाडून तिथं थेटर बांधायचं होतं. प्रभाकरपंत वकिलांना ती राखून वाचनालय करायचं होतं. अशी दगडी कमान इथून कल्याणपर्यंत दुसरी नाही, असं ते भेटेल त्याला सांगत. राघोला थेटराशी काही देणंघेणं नव्हतं, पण कचेरी पडत होती ना, मग तो शेटच्या बाजूने. सभासदांत दोन्हीकडे सारखी मतं होती आणि राघोचं मत जिकडे जाईल तिकडे पारडं झुकणार होतं. आमची वस्ती तर आताच ढोल बडवायला बसली होती.

सभेच्या दिवशी सकाळी राघो जेवायला बसला. सासूबाईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "कचेरी पाडू नको."

राघोचा घास हातातच राहिला. "आय, अख्ख्या वस्तीला शब्द दिलाय मी. त्या फाटकात तुमा लोकांचे काय हाल झाले, ते तुलाच सांगायला पायजे का?"

"मना नको सांगू. मीच सांगन तुला. पन घरान नाय, सभेन सांगन."

"मग मी तोंडावर पडणार. आईनंच पोराच्या विरोधात उभं राहायचं?"

"पड. लहानपनी लय वेला पडलास, मीच उचलला."

तो तसाच उठला. ताट अर्धं टाकून गेला म्हणून मला सासूबाईंचा खरंच राग आला. एवढ्या कष्टानं माणूस वर आला, त्याचा शब्द वस्तीत खोटा पडला तर पुन्हा त्याला कोण विचारणार होतं? मी तसं तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, "लुगडं बदल आणि चल. बाकीच्या बायांनापन बोलाव."

सभा कचेरीच्या पटांगणातच ठेवली होती, लोकांचं म्हणणं ऐकून मग मत घ्यायचं असं ठरलं होतं. सभासद ओसरीवर खुर्च्यांवर बसले. पेठेतली मंडळी पुढे सतरंज्यांवर, आमची माणसं मागे उभी. नाथा म्हणून आमच्या वस्तीचा पुढारी, ज्याने राघोसाठी मतं गोळा केली होती, तो छाती काढून सगळ्यांत पुढे. प्रभाकरपंत कमानीबद्दल छान बोलले, पण ऐकताना वाटलं की इथं माणसं कधी नव्हतीच, नुसती कमान होती. मग राघो उठला. तो म्हणाला, "या इमारतीनं आमची मान खाली घालायला लावली. ती उभी आहे तोवर आमची मान वर होणार नाही." आमच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. खोटं कशाला बोलू, मीही पिटल्या.

अध्यक्षांनी आणखी कुणाला बोलायचंय का, असं विचारलं, आणि सासूबाई मागच्या गर्दीतून सरळ ओसरीच्या पायरीपर्यंत चालत गेल्या.

"मना बोलायचाय. पाडू नका."

नाथा ओरडला, "काकी, कनाला मधी पडतंस?"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ओसरीच्या डाव्या अंगाला एक बुटक्या दाराची खोली होती, तिच्याकडे बोट दाखवलं. "बाप्यांची झडती फाटकान व्हायची. बायांची त्या खोलीन. पगारी बाई ठेवलेली झडती घ्यायला. हा राघो माज्या पोटान व्हता, सातवा म्हयना. ती बोल्ली, पोट नाय, पोटाला मीठ बांधलाय. मना लुगडं सोडायला लावलं. उगडी उभी केली, पोट दाबून बगितलं, तवा जाऊ दिली. मीठ नव्हता. तुमचा मेंबर व्हता."

राघो खाली मान घालून बसला होता. तीस वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी त्याच घरात चूल फुंकत होते.

"मंग पाडून काय करू?" त्या पुढे म्हणाल्या. "गोरे सायब घर सोडून पलाले, ते हरले. आमी जितलो. जितलेल्या मानसानी आत जाऊन बसायचा, का बाहेरून दगड मारायचा? त्या खोलीन बायांचा बालंतपन करा. दवाखाना घाला. पोटुशी बाई दारान आली, तर हात धरून आत घ्या."

अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी कारकुनाला हळूच सांगितलं, "सूचना तेवढी लिहा. तो आधीचा प्रसंग नको. बाईंच्या अब्रूचा प्रश्न आहे."

सासूबाईंचे कान तिखट, माझा दबलेला उसासासुद्धा त्यांना ऐकू यायचा. "का नको? अब्रू माजी नाय गेली. झडती घेनाऱ्याची गेली. समदा लिवा."

"बाई, हे कागद कायमचे राहतात."

"म्हनून तर लिवा."

कारकुनाने नाव विचारलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि माझे सासरे जाऊन दहा वर्षं झाली तरी सासूबाईंनी ते घेतलं नाही. "लिवा," त्या म्हणाल्या, "बायजा, राघोची आय."

तेवढ्यात मागून आवाज आला, "माजा पन नाव लिवा. ठमाबाई, नाथाची आय. मना पन त्याच खोलीन उभी केलेली."

नाथाने असं वळून पाहिलं, जणू त्याला कुणी धक्काच दिला असावा. त्याची आई पदर सारखा करून पुढे आली. मग रखमाबाई आली, धोंडीबाची आई. मग पंढरीची आई. जिनं कधी घरात मोठ्याने पाणी मागितलं नाही, ती बाईसुद्धा आली. वस्तीतल्या घराघरात ही गोष्ट इतकी वर्षं झाकून ठेवलेली होती, आणि प्रत्येकीला वाटत होतं की ती आपलीच एकटीची लाज आहे. माझी आईसुद्धा याच कचेरीत पाट्या वाहायची. ती आता नाही, तिला विचारायचं राहून गेलं. म्हणून मीच पुढे झाले आणि तिचं नाव सांगितलं. कारकून लिहीत राहिला. अध्यक्षांनी त्याला थांबवलं नाही.

प्रभाकरपंत उठले. "वाचनालयाचं माझं म्हणणं मी मागे घेतो," एवढंच बोलले आणि चष्मा पुसत बसले. 

आता सगळे राघोकडे बघत होते. तो नाथाकडे बघत होता. "नाथादा, कचेरी पाडीन असा शब्द दिलेला मी तुम्हाला."

नाथा आपल्या आईशेजारी उभा होता. "दिलेलास," तो म्हणाला. "आमी परत देतो तुला. जा, बोल."

राघो उभा राहिला. कचेरी न पाडता तिथं म्युनिसिपालिटीचं प्रसूतिगृह काढावं, असा ठराव मांडतो म्हणाला. आता मान वर होती. शेटच्या बाजूच्या सभासदांचीही विरोधात बोलायला जीभ रेटली नाही.

कारकुनाने वहीतून वर न बघता विचारलं, "ठराव मांडणाऱ्याचं पूर्ण नाव?"

कारकुनाला ते पाठ होतं, तरी रीत म्हणून विचारलं. बापाचं नाव सांगायचं, आडनाव सांगायचं, झालं. राघोने ओसरीवरून खाली पाहिलं. पायरीशी सासूबाई उभ्या होत्या, ताठ, दोन्ही हात कमरेवर.

"बायजाचा राघो," तो म्हणाला. "असंच लिहा."

सगळ्यांत आधी टाळी मी वाजवली.