हात पुढे, सूर मागे

तिसऱ्यांदा तेच झालं. गायिकेचा दम पुरला नाही आणि तिने गाणं मध्येच सोडून दिलं.

"ताई, एवढा श्वास मी आणू कुठून? आणखी हळू घेतलंत तर इथेच आडवी होईन."

वाद्यवृंदात खसखस पिकली. ताईही हसली, पण तिचे कान तापले होते.

गेली एकोणीस वर्षं ताई या ऑपेरागृहात तालमींचा पियानो वाजवत होती. वाद्यवृंद येतो तो शेवटच्या आठवड्यात. तोवर गायकांसाठी ऐंशी वाद्यांचं काम तिची दहा बोटंच करत. अशात हाताच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकांनी अंथरूण धरलं आणि प्रयोग तर तीन दिवसांवर आला. सगळा ऑपेरा तोंडपाठ असलेलं माणूस तिथे एकच होतं, ताई. व्यवस्थापकांनी आडपडदा ठेवला नाही. आजच्या तालमीत पहिला अंक धड पार पडला तर प्रयोग ताईचा आणि पियानोवर नवी मुलगी. नाहीतर बाहेरून कुणाला तरी बोलावायचं आणि ताईने मुकाट्याने पियानोवर परत जायचं. याच दिवसाची आपण एकोणीस वर्षं वाट बघतोय, हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

तिसऱ्या रांगेत तिचे बाबा बसले होते. त्यांनी जन्मभर पियानो सुरात लावले आणि म्हातारपणी कान गेले. घरी एकटं ठेवण्याची सोय नाही, म्हणून ती त्यांना बरोबर आणत असे.

पंधरा मिनिटांची सुट्टी झाली. ताई तडक तालमीच्या खोलीत गेली आणि तोच तुकडा पियानोवर वाजवून पाहिला. लय तसूभरही ढळली नाही. मग घोडं अडत होतं कुठे? हातांचे इशारे मोठे करून झाले, पाय आपटून झाले, तरी दहा ओळींत सगळं रेंगाळत होतंच.

पहिल्या व्हायोलिनचे काका वाद्य काखेत मारून दारात येऊन उभे राहिले. ती जरा चिडूनच म्हणाली, की माझी लय बरोबर आहे, मागे पडता ते तुम्ही.

काका रागावले नाहीत. त्यांनी तिला एक पट्टी दाबायला सांगितली. तिने दाबली, सूर उमटला. मग हाताने इशारा करायला सांगितलं. तिने केला. काकांनी श्वास घेतला, गज टेकवला आणि मग सूर आला.

"दिसलं? पियानोला हात लावला की सूर हजर. आम्ही पडलो माणसं, पोरी. तू सूर येईपर्यंत थांबतेस, आम्ही तुझा हात हलेपर्यंत. दोघंही दारात उभे, आधी तुम्ही, आधी तुम्ही करत."

ताईने पट्ट्यांवरून हात काढून घेतला. "मग करू काय?"

"थांबू नकोस. आम्ही येतो."

सांगायला सोपं होतं. सुट्टीनंतर पुन्हा वाद्यवृंदासमोर उभी राहिल्यावर पहिल्या चार ओळींत तिला वाटलं, सगळा डोलारा आता कोसळणार. कान ओरडून सांगत होते, थांब, अजून आले नाहीत. तिने दात आवळले आणि हात पुढे नेला. सूर मागून आला. तिने पुन्हा पुढे नेला. पुन्हा आला. गायिकेने लांब तान एका श्वासात संपवली आणि डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. ताईने तेवढ्यासाठीसुद्धा हात थांबवला नाही.

अंक संपला तेव्हा ताईचा सदरा पाठीला चिकटला होता. व्यवस्थापकांनी नुसती मान डोलावली आणि नव्या मुलीला फोन करायला गेले.

ती बाबांपाशी आली. त्यांनी सवयीने तिची बोटं हातात घेतली.

"गार पडलीत," ते ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "आज फारसं वाजवलं नाहीस वाटतं?"

तिने मान हलवली. नाही.

निघताना ती त्यांना तालमीच्या खोलीतून घेऊन गेली. नवी मुलगी तिच्याहून चांगली वीतभर उंच होती; तिला स्टूल खाली लागणार होतं. ताईने पियानोचं झाकण लावलं आणि वाकून स्टूल फिरवायला घेतलं. एकोणीस वर्षांत न हललेला स्क्रू आधी दाद देईना. मग बाबांनी दुसऱ्या बाजूने हात लावला, आणि स्टूल कुरकुरत, एकेक वेढा, खाली गेलं.