पिस्ता फेटा आणि सहा खुर्च्या

आमच्या घरात फेटा बांधायचं डोकं एकच, पण फेटे मात्र पेटीभर. हे डोकं म्हणजे माझे यजमान, निवृत्ती. द्वारका चौकाजवळ ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माणूस साधा, दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळतो. पण लग्नाचं निमंत्रण आलं की ह्यांचं पहिलं लक्ष फेटेवाल्याकडे. मानाचा फेटा बांधून घ्यायचा, दिवसभर मान ताठ ठेवून हिंडायचं आणि घरी आणून घडी करून लोखंडी पेटीत टाकायचा. तो नेसता येत नाही, पांघरता येत नाही. भांडीवालीला देऊन एखादं पातेलं घेते म्हटलं, तर अंगावर धावून आले. "उज्वला, मान असतो तो! मान कुणी पातेल्यावर देतं का?"

बरं बाई, असू दे मान. पण दर वर्षी त्या मानाला गच्चीवर ऊन कोण दाखवतं? मी. डांबरगोळ्या कोण घालतं? मी. मला आजवर लग्नांतून काय मिळालं, तर ओटीत खण. तोही असला, की त्यात धड पोपटाचं ब्लाऊज होणार नाही.

तर आमच्या स्नेहलचं लग्न ठरलं. मुलगा अमोल, अंबडला कंपनीत आहे, गुणी आहे, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. घर चांदवडकडचं, कांद्याचं. साखरपुडा झाला. आता राहिली होती फक्त बैठक, म्हणजे लग्नाची तारीख काढायची आणि मानपान ठरवायचा. त्यासाठी रविवारी व्याही आमच्या इंदिरानगरच्या घरी येणार होते. आणि इथंच खरी अडचण होती. मध्यस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वहिनी, तुमचा व्याही पुंजारामअण्णा सोन्यासारखा माणूस आहे, पण मानाला लय जपतो. आधीचं एक स्थळ नुसत्या खुर्चीवरून मोडलं. मुलीकडच्यांनी बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली, अण्णा चहा न घेता उठून आले."

खुर्चीवरून! मी घरी येऊन आमच्या डायनिंगच्या सहा खुर्च्या पाहिल्या. लाकूड ठणठणीत, पण गाद्यांचं रेक्झिन फाटून आतला फोम डोकावत होता. एका खुर्चीवर तर स्नेहलनं शाळेत असताना चिकटपट्टी लावली होती, ती अजून होती. अशा खुर्चीवर अण्णांना बसवलं की माझ्या पोरीचं लग्न चिकटपट्टीवरून मोडणार, हे मला स्पष्ट दिसलं.

पडद्यांच्या दुकानात गेले, तर तो म्हणाला, "ताई, सीझन आहे, पुढच्या महिन्यात या." मी म्हटलं, गेलास उडत. माझ्या घरी शिवणयंत्र आहे, हाताला कला आहे, फक्त कापड हवं. आणि कापड म्हटल्यावर मला पेटी आठवली.

पेटी उघडली. लाल, केशरी, जांभळे, लेहरिया, बांधणी, नुसता बाजार भरलेला. त्यात एक पिस्ता रंगाचा निघाला. जरीचा बारीक काठ, मऊसूत आणि लांबीला भरपूर. हा सटाण्याच्या पुतण्याच्या लग्नातला असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं, कारण त्या पुतण्यानं मला नमस्कारसुद्धा केला नव्हता. कापायला बरंच वाटलं.

कापड विरळ होतं, म्हणून दुहेरी घेतलं आणि आत जुन्या चादरीचं अस्तर लावलं. जुनं रेक्झिन सोलून सकाळच्या घंटागाडीत टाकलं. एका जागी कुंकवाचा डाग होता, तो युक्तीनं खालच्या बाजूला घेतला. मागे चेन लावली, जरीचा काठ बरोबर पुढच्या कडेला आणला. फोमला कव्हर चढवताना घाम निघाला, पण चढल्यावर काय सांगू! खुर्च्या नव्या नवरीसारख्या दिसायला लागल्या. मी स्वतःच स्वतःला म्हटलं, वा गं उज्वला.

संध्याकाळी हे आले. मधल्या खुर्चीवर बसले, गादी दाबून पाहिली. "फर्स्ट क्लास! कापड भारी आहे हं. कुठून आणलंस?"

"होतं घरात," मी म्हटलं. खोटं बोलले का? नाही.

त्यानंतर रोज हा माणूस त्याच खुर्चीवर बसून जेवला, पेपर वाचला, एकदा तर डुलकीही काढली. आपण कशावर बसलोय, ह्याचा ह्यांना पत्ता नाही. मीही बोलले नाही. बैठक होऊन जाऊ दे, मग सांगू सावकाश, हा माझा विचार.

रविवार उजाडला. मी वड्यांचं पीठ भिजवत होते आणि आतून पेटीची खडखड ऐकू आली. ह्यांचा आवाज आला. "उज्वला, माझा पिस्ता फेटा कुठंय गं?"

माझा हात पिठातच थांबला. "कशाला हवाय?"

"अगं, अण्णांचं स्वागत तोच बांधून करतो. साखरपुड्याला त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा काढून माझ्या डोक्यावर ठेवला तो! किती वेळा सांगितलंय तुला."

सांगितलं होतं हो! हजार वेळा सांगितलं होतं. साखरपुड्यात फेटे कमी पडले, ह्यांचंच डोकं उघडं राहिलं, तेव्हा अण्णांनी भर मांडवात आपला फेटा उतरवून ह्यांच्या डोक्यावर चढवला, म्हणाले, "व्याही बोडका बरा नाय दिसत," आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. मी तेव्हा मागे आचाऱ्याशी भांडत होते, बुंदी कमी पडली म्हणून. आणि घरी येईपर्यंत ह्यांनी तो सोडून पिशवीत घातलेला. हजार वेळा गोष्ट सांगितली, पण एकदा तरी तोंडातून रंग काढावा की नाही माणसानं?

हे बाहेर आले, दमून मधल्या खुर्चीवर बसले. "पेटीत नाहीये. कुठं गेला असेल?"

"तुम्ही त्याच्यावरच बसलाय," मी म्हटलं.

आधी ह्यांना कळलंच नाही. मग खाली पाहिलं, काठ पाहिला, आणि विंचू चावल्यासारखे उठले. गादी उलटी केली, तर कुंकवाचा डाग. "हे अण्णांनीच लावलेलं कुंकू आहे गं!" ह्यांचा आवाज रडवेला झाला. "डोक्यावर मिरवायचं ते तू बुडाखाली घातलंस?"

"आठवडाभर तुम्हीच बसलात की! फर्स्ट क्लास कोण म्हणालं?" मीही सोडलं नाही. पण खरं सांगते, आतून मी घाबरले होते. प्लास्टिकच्या खुर्चीवरून स्थळ मोडणारा माणूस स्वतःचा फेटा स्वतःच्या बुडाखाली पाहिल्यावर काय करेल? आणि माझी स्नेहल दारात उभी राहून सगळं ऐकत होती, पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मान राखायला गेले आणि मानावरच कात्री चालवली.

स्नेहलनं अमोलला फोन लावला. तो गाडीतच होता, शेजारी वडील. तो हळूच एवढंच म्हणाला, "कळू देऊ नका."

कव्हर काढावीत, तर आतला फोम उघडा. शेजारून प्लास्टिकच्या खुर्च्या आणाव्यात, तर विषयच संपला. शेवटी स्नेहलनं कपाटातले पाहुण्यांचे टॉवेल काढले आणि सहाही गाद्यांवर नीट अंथरून कडा आत खोचल्या. लांबून बरं दिसत होतं. म्हणजे, खुर्च्यांच्या अंघोळी नुकत्याच झाल्यात असं दिसत होतं, पण चालण्यासारखं.

गाडी आली. पुंजारामअण्णा उंचेपुरे, पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर टोपी. मागून साळूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, ठेंगण्या, बडबड्या, हातात कांद्याची पिशवी. त्यांच्यामागे अमोल, घाम पुसत. हात-पाय धुऊन झाले. हे म्हणाले, "बसा अण्णा."

अण्णा खुर्चीजवळ गेले, टॉवेलकडे पाहिलं आणि तिथंच थांबले. एकेक करून सहाही टॉवेल पाहिले.

"हे कशाला अंथरलंय?" त्यांनी विचारलं.

"असंच," हे म्हणाले. "सोय म्हणून."

"सोय कसली? आमी मातीतली माणसं, कपड्याला माती आसंल, तुमच्या गाद्या खराब हुतील, आसंच ना?" अण्णांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्यानंच मला धडकी भरली. "अमोल, चल रं. गाडी काढ."

आगीतून फुफाट्यात! एक अपमान झाकायला गेलो, तर दुसरा होऊन बसला, आणि तो तर आम्ही केलेलाच नव्हता. स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात ओठ दाबून उभी. हे नुसते "अण्णा, अण्णा" करत होते. माझं डोकं फिरलं. खोट्या गुन्ह्यासाठी पोरीचं लग्न मोडण्यापेक्षा खऱ्या गुन्ह्यासाठी मोडलेलं बरं, असं वाटून मी पुढे झाले आणि फर्रकन टॉवेल ओढला.

"अण्णा, टॉवेल तुमच्या मातीसाठी नाही, माझ्या पापावर टाकलाय. हा बघा तुमचा फेटा! तुम्ही बसणार म्हणून चांगल्यात चांगलं कापड काढलं, ते हे निघालं. मला माहीत नव्हतं. चूक माझी आहे, पोरीची नाही. बोलायचं ते मला बोला."

एवढं बोलून मला रडूच आलं. अण्णांनी वाकून काठाला हात लावला. ओळखला त्यांनी.

"आता हिच्यावर बसायचं कसं?" अण्णा शेवटी म्हणाले. रागावले होते की गोंधळले होते, देव जाणे. "डोक्यावरचा फेटा हाय. कोण बसंल हिच्यावर?"

"मी बसते," साळूबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून मधल्या खुर्चीवर टेकल्यासुद्धा. वर बूड हलवून गादी दाबून पाहिली. "लय मऊ झालीय हो ताई. अस्तर घातलं का आतून?"

"अगं ए," अण्णा ओरडले, "फेटा हाय तो!"

"मंग? तुमच्या डोक्याचा हाय, माझ्या नाय. एवढी लग्नं झाली, माझ्या डोक्याला कुणी कवा फेटा बांधला का? ज्याला मान दिला त्यानं उभं ऱ्हावं. मला काय झालंय बसायला?" त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. "या ताई, बसा. तू बी ये गं स्नेहल. पाय दुखले आसतील सकाळपासून."

मी बसले. स्नेहल आधी लाजली, मग बसली. आणि मग असा देखावा झाला की काय विचारता! आम्ही तिघी बायका मऊ गाद्यांवर बसलेल्या, आणि ज्यांच्या मानाची बैठक, ते तिघे पुरुष हातात बशी धरून भिंतीला उभे. ह्यांना बसायची इच्छा होती, पण अण्णा उभे म्हटल्यावर हे कसे बसणार? आणि बाप उभा म्हटल्यावर अमोल कसा बसणार?

आजवर पाहिलेल्या बैठका दुपारी सुरू होऊन दिवेलागणीला संपायच्या. कुणाच्या मामाला काय नेसवायचं, कुणाच्या आत्याला आधी हळद लावायची, ह्यावरून आवाज चढायचे. ही बैठक वडे गार व्हायच्या आत उरकली. अण्णा काही बोलायला लागले की साळूबाई विचारत, "बसून बोलता का?" की अण्णा गप्प. तारीख मी सुचवली, साळूबाईंनी मान डोलावली. मानपान दोन्हीकडून सारखा, असं साळूबाई म्हणाल्या. दोन्ही व्याह्यांनी उभ्याउभ्या "बरं" म्हटलं.

अण्णांचे गुडघे मात्र बोलायला लागले होते. एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर असं चाललं होतं.

"बसा आता," साळूबाई म्हणाल्या. "लय झालं."

"फेट्यावर बसणार नाय मी!"

"आन घरी ज्या गोधडीवर लोळता, तिच्यात काय हाय?"

अण्णांनी बायकोकडे पाहिलं.

"सगळेच?" त्यांनी विचारलं.

"थंडीची गोधडी हाय. दोन-चार फेट्यांत भागतंय व्हय?"

स्नेहल फिस्सकन हसली. अमोल भिंतीकडे तोंड करून हसला. अण्णा हळूहळू पुढे आले, खुर्ची ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसले. क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "मऊ हाय," आणि वड्याच्या ताटलीकडे हात नेला. मग हेही बसले. माझा जीव भांड्यात पडला.

निघताना अण्णांनी दारात ह्यांना सांगितलं, "लग्नात फेटेवाल्याला जास्तीचे आणायला सांगा. दोन्ही विहिणींना बी बांधायचे." साळूबाई चपला घालत होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण मी बघितलं, त्या हसत होत्या.

लग्न झालं. थाटात झालं. फेटेवाल्यानं माझ्या डोक्याला डाळिंबी फेटा बांधला, आणि काय सांगू, मान आपोआप ताठ झाली. मी दिवसभर तशीच हिंडले. बुंदी पुरली की नाही, ते बघायला मागेसुद्धा गेले नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "आण, घडी करून पेटीत टाकतो." मी म्हटलं, हात लावू नका. माझ्या कपाटात ठेवला, पैठणीच्या वर.

परवा स्नेहलचा फोन आला. "आई, इथल्या खुर्च्यांच्या गाद्या फाटल्यात गं. मी कव्हर शिवायला घेतेय, कापड हवंय. तुझा तो डाळिंबी फेटा नुसता पडूनच आहे ना?"

"खबरदार!" मी म्हटलं. "मान असतो तो."