कोटाच्या खिशातली तक्रार

आमच्या हिला संशय घ्यायला कारण लागत नाही. दूधवाला हसला तरी ती आधी मापात डोकावते. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंबद्दल ती बोलू लागली, तेव्हा मी शिलाई मशीनचं पायडल जोरात मारलं आणि ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"अहो, कसला तरी उग्र वास येतो. डोकं भणभणतं. आणि खिडक्यांना आतून कागद का चिकटवलेत?"

"ऊन लागत असेल."

"उत्तरेच्या खिडकीला?"

दोघं तरुण, तोंड भरून 'काका' म्हणणारे. आठ महिने रिकाम्या पडलेल्या खोल्या त्यांनी एका फेरीत पसंत केल्या होत्या. असे भाडेकरू कोण घालवतो?

त्यातच एका सकाळी रेडिओवर बातमी लागली. कायदा कडक झाला होता. भाड्याच्या घरात नशेचा माल बनवणाऱ्याला आता पंधरा वर्षं आत, आणि माहीत असून गप्प बसणाऱ्या घरमालकाला तीन. हिने आवाज वाढवला, माझ्याकडे पाहिलं आणि दुपारपर्यंत दीड पानी तक्रार लिहून माझ्या हातात ठेवली. वर तारीख, खाली सही.

"आजच द्या चौकीत."

निघालो खरा, पण कोपऱ्यावरूनच परतलो. वासात काहीच निघालं नाही तर? पोरं चिडून खोली सोडून गेली तर? शिवाय चौकीची पायरी मी आजवर कधी चढलेलो नाही. गिऱ्हाईक ट्रायलला येत नाही म्हणून एक कोट कच्च्या टाक्यांवरच लटकत होता. त्याच्या आतल्या खिशात मी तक्रार सारली. आयुष्यभर दुसऱ्यांचे खिसे शिवले, की अडचणही खिशात घालायची सवय लागते.

"दिलीत?"

"दिली."

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, पोलिसांच्या दोन गाड्या दारात लागल्या. मास्क लावलेली माणसं जिना चढली आणि काचेची भांडी, नळ्या, निळी पिंपं खाली आणू लागली. दोन्ही पोरं बेड्या घालून उतरली. आज एकाच्याही तोंडून 'काका' निघालं नाही.

मग आमच्या घराची झडती झाली. पथकाच्या अधिकारी बाईंनी टांगलेला कोट चाचपला. आत कागद कुरकुरला. त्यांनी तो वाचला, वरची तारीख पुन्हा एकदा वाचली.

"काका, म्हणजे तुम्हाला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. आणि तक्रार कोटात?"

साठी उलटल्यावर तीन वर्षं तुरुंगात! गळ्यातली मापाची पट्टी काढायचंही सुचेना. खोटं बोलायलाही तोंडात ओल लागते.

"थांबा," ही म्हणाली. तिने बटणांच्या डब्यातून पोस्टाची पावती काढली. "तीच तक्रार मी पुन्हा लिहून तुमच्या मुख्य कचेरीला रजिस्टरने पाठवली होती."

"आम्हाला फक्त पत्ता कळवतात, तक्रार करणाऱ्याचं नाव नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन लावला, पावतीचा नंबर वाचून दाखवला आणि बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिल्या. मी कापड बेतायचं टेबल घट्ट धरून उभा होतो.

"याच पत्रावरून आम्ही आलो," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "'मी आणि माझे यजमान कळवतो की...' अशीच सुरुवात आहे. सुटलात काका. आणि वर त्या रसायनांत एक ठिणगी पडली असती, तर तुम्ही दोघंही उरला नसतात."

माझा जीव भांड्यात पडला. इतका हलका मी लग्नाच्या दिवशीही नव्हतो.

गाड्या गेल्यावर मी विचारलं, "मी दिली नाही हे तुला कळलं कधी?"

"तिसऱ्या दिवशी. कोटाला इस्त्री करताना."

"मग काढून का नाही घेतलीस?"

ती पावती पुन्हा डब्यात ठेवत होती. "पोस्टात तर लगेच टाकून आले. पण म्हटलं, तुमचं मन तुम्हाला खाईल आणि तुम्ही स्वतःच नेऊन द्याल. रोज खिसा चाचपून बघत होते."

तीस वर्षं मी तिला संशयी म्हणत आलो, आणि तीन आठवडे ती माझ्यावर विश्वास ठेवायला बघत होती. मला रडू आलं. तिने मला रडू दिलं.