केबलची ढील

मोटरसायकल बाबांची, पण तिची दुखणी माझ्या गळ्यात. आताचं दुखणं असं की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी चढावर गोगलगाय व्हायची. क्लच घसरतोय हे शेंबडं पोरही सांगेल. पण तीन आठवड्यांपूर्वीच मी सगळ्या क्लच प्लेटा बदलल्या होत्या. मग आता काय घसरतंय? माझं डोकं चक्रावलं.

आईने निर्वाणीचं सांगितलं, "आता पुन्हा रस्त्यात अडली तर गाडी भंगारात. माझ्या जिवाला घोर नको."

निवृत्त झाल्यापासून रोज गाडी काढून जुन्या दोस्ताच्या वर्कशॉपवर जायचं, एवढंच बाबांचं उरलं होतं. गाडी गेली तर हा माणूस घरात बसून विझेल, याची मला खरंच भीती वाटत होती.

रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात गाडी डाव्या कुशीवर आडवी केली, म्हणजे ऑइल सांडत नाही. उजवीकडचं झाकण उघडलं, स्प्रिंगा सोडवल्या, प्लेटा एकेक करून वर्तमानपत्रावर मांडल्या. नव्याकोऱ्या प्लेटा काळ्या ठिक्कर, वर जळका वास. ऑइल चुकलं म्हणावं, तर डब्यावर बरोबर तेच लिहिलेलं. स्प्रिंगा मोजल्या, ठीक. प्लेटा नकली असतील म्हणून दुकानदाराला फोन लावला, तर तो माझ्यावरच उखडला.

"ताई, बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवल्या होत्या का?"

भिजवल्या होत्या हो. चांगल्या दोन तास.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

एरवी एक नट किती आवळायचा यावरून वाद घालणारा हा माणूस म्हणाला, "बघ बाई, तुला काय दिसतं ते." आणि चक्क आत निघून गेला. आयुष्यभर लेथवर काम केलेल्या माणसाला उघड्या इंजिनात डोकवावंसंही वाटू नये? हे तर मला प्लेटांच्या कोड्याहूनही अवघड वाटलं.

नवा संच बसवला, पॅकिंग बदलून झाकण लावलं. शेवटी केबल अडकवायला घेतली. मागच्या वेळी मीच ती जुळवली होती, म्हणून सुरुवातीला काढून टाकताना तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. आता पाहते तर हँडलवरच्या लिव्हरजवळचा, केबल ताणायचा अ‍ॅडजस्टर पार बाहेरपर्यंत फिरवलेला. ढीलच नाही! केबल अशी ताणलेली राहिली की क्लच कधी पुरता बसतच नाही, घासून घासून जळतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! मी जाड नाण्याएवढी ढील ठेवली आणि गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. गाडी झकास पळाली.

आईला ही बातमी सांगून, चहा पिऊन बाहेर आले, तर बाबा हँडलवर वाकलेले. अ‍ॅडजस्टर परत बाहेर फिरवत होते.

"बाबा!" मी ओरडलेच. "ही ढील ठेवायला मला तुम्हीच शिकवलंत ना? आणि तुम्हीच प्लेटा जाळताय?"

त्यांनी अ‍ॅडजस्टर सोडला नाही. "ढील असली की लिव्हर पार मुठीपर्यंत ओढावा लागतो."

"मग ओढा की."

"या हाताने होत नाही गं. क्लच अर्ध्यावरच सुटला तर जमतं."

"कधीपासून?"

"आईला बोलू नकोस. ती गाडी ठेवायची नाही."

आता यांच्यावर चिडायचं की यांना घेऊन डॉक्टरकडे पळायचं, मला काही सुचेना. मी माझी दोन बोटं त्यांच्या डाव्या पंजात ठेवली. "घट्ट धरा."

बाबांनी ओठ आवळले. मानेची शीर ताठ झाली, खांदा थरथरला. मी वाट पाहत राहिले.

"धरा ना, बाबा."

"धरलंय की," बाबा म्हणाले.