दोष मेणाचा नव्हता

संघप्रमुख, तुम्ही खोटं लिहिलंत. निवड शर्यतीच्या अहवालात योरूनच्या नावापुढे तुमच्या अक्षरात तीन शब्द आहेत: 'मेण चुकीचे होते.' ते मेण माझ्या पोटाला लागलं होतं, तुमच्या नाही. तेव्हा खरं काय झालं ते मी सांगते. तुम्हाला नाही, तुम्ही ऐकत नाही. मुलांना सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे, बर्फावर सरकायला बुटाखाली अडकवतात ती लांब पट्टी. वय अवघं चार वर्षं, पण जिच्यासाठी मला घेतलं ती योरून आता माझ्यावर उभी राहत नाही, म्हणून जुनी. मी डावी. उजवी इथेच, घराच्या शेडमध्ये, शेजारच्या खुंटीवर आहे.

कारखान्यात मला साच्यात घालून, तापवून, दाबून घडवलं. माझी कंबर मुद्दाम कमानीसारखी उचललेली ठेवली. त्या कमानीखाली मेण लावतात. एका पायावर सगळा भार टाकून जोरात रेटा दिला की कमान दबते, मेण बर्फाला धरतं आणि माणूस पुढे सरकतो. रेटा कमी पडला की पाय मागे घसरतो. एवढंच माझं शास्त्र आहे. त्यात लबाडी चालत नाही.

दुकानात पंधरा वर्षांच्या योरूनला आम्हा दोघींवर उभं केलं आणि माझ्याखाली कागद सरकवला. दोन्ही पायांवर असताना कागद सहज फिरला. ती एका पायावर आली तसा तो घट्ट अडकला. दुकानदार म्हणाला, "ही हिच्याच पायांची." तिचे वडील तुर्गेइर लाकडाच्या गिरणीत कामाला. त्यांनी मला लेकरासारखं कवेत धरून घरी आणलं.

पहिली दोन वर्षं काय होती म्हणून सांगू! ती चढावर रेटा द्यायची तेव्हा माझ्या अंगातून कळ जायची, सुखाची. आमच्या खोऱ्यातल्या पाच शर्यती आम्ही जिंकल्या. पेपरात फोटो आला, त्यात माझं टोकही होतं.

मग ती तुमच्या संघात गेली आणि तुमचा सरावाच्या तासांचा कागद आला. सहा दिवस खच्चून मेहनत. सातव्या दिवसापुढे एक शब्द: विश्रांती. शब्द लिहिलात आणि हात झटकलेत. आमच्या खोऱ्यात लख्ख उन्हाच्या रविवारी घरात बसणं म्हणजे चोरी केल्यासारखं असतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्ही याच खोऱ्यातले ना?

"पप्पा, आज माझी सुट्टी आहे."

"म्हणूनच तर म्हणतोय, चल! आजी कधीची बूट घालून बसलीय."

मग पंचवीस किलोमीटर, डोंगरावरच्या झोपडीपर्यंत आणि परत. पाठीवर संत्री, तपकिरी चीज लावलेले पाव. याला फिरणं म्हणायचं, व्यायाम नाही, म्हणून सरावाच्या वहीत त्या दिवशी शून्य. फिरायला जुन्या स्की असायच्या. मी शर्यतीची, मला खुंटीवर टांगून जायचे. विश्रांती मला मिळाली, मित्रांनो. तिला नाही.

रोज सकाळी अंथरुणातच ती नाडी मोजून लिहायची. बेचाळीस. पुढे अठ्ठेचाळीस. पुढे सत्तावन्न. शरीर थकलं की हा आकडा असा चढतो. दर सोमवारी हे आकडे तुमच्याकडे जायचे. तुमचं उत्तर तिनं शेडमध्ये मोठ्यानं वाचलं होतं: 'छान चाललंय. दोन तास वाढव.'

जानेवारीत माझी कमान दबेनाशी झाली. मला पहिल्या दिवशीच कळलं. पण आमच्याकडे कुणी मागे घसरलं की एकच निदान असतं.

"मेण," तुर्गेइर म्हणाले आणि मेण पसरायच्या बुचाने माझं पोट घासायला लागले. "अजून एक थर देतो."

"पप्पा, मेणाचं नाहीये. पायात जीवच नाही."

"पायांना काय धाड भरलीय? रविवारी तर मजेत चालत होतीस."

"रविवारी आजीनं मला मागे टाकलं."

दारातून म्हातारी हसली. "एकोणऐंशीची आहे गं मी! पुढच्या खेपेला दोरी आणते, ओढतच नेते तुला."

सगळे हसले. योरूनही हसली. मला तोंड नाही. असतं तर ओरडले असते, की एकोणऐंशीची बाई एकोणीसच्या पोरीला चढावर मागे टाकते यात हसण्यासारखं काय आहे?

थर वाढत गेले. तीन, पाच, सात. जाड मेणावर कमजोर रेटाही जरा धरतो, म्हणून सगळ्यांना वाटलं जमलं. निवड शर्यतीच्या तीन दिवस आधी तिला ताप आला. तुर्गेइर शेडमध्येच उभे राहून तुमच्याशी फोनवर बोलले. तुमचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला: "उतरला ना ताप? मग उभी राहू दे. मोठ्या स्पर्धेसाठी जागा दोनच आहेत. नाही आली तर दुसऱ्या मुली आहेत."

ती उभी राहिली. सहाव्या किलोमीटरला माझ्या जाड मेणाला बर्फाचे गोळे चिकटले. प्रत्येक पाऊल उचलायला जड. शेवटच्या चढावर ती काठ्यांवर वाकली आणि तशीच बाजूला कलंडली. माझ्या खटक्यातून तिचा बूट सोडवताना तुर्गेइर म्हणत होते, "माझंच चुकलं, मेण जाड झालं." बिचारा माणूस! तेच कारण तुम्ही उचललंत आणि सही केलीत.

डॉक्टरांनी सांगितलं, ताप अंगात असताना धावल्यानं हृदयाला सूज आलीय. वर्षभर धावायचं नाही, आणि शर्यत पुन्हा कधीच नाही. ती आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसते. तुर्गेइर कधीमधी शेडमध्ये येतात, माझ्या पोटावर अंगठा फिरवतात, आणि दार ओढून जातात. आजी रविवारी बाहेर पडत नाही.

मित्रांनो, उन्हाळा लागला की स्कीच्या तळाला मेणाचा जाड थर देऊन तिला गार, अंधाऱ्या जागी ठेवतात. हात लावायचा नाही, असा दंडकच असतो. निर्जीव पट्टीला विश्रांती लागते हे लोकांना कळतं. तुमचं शरीर थकलं म्हणत असेल तर त्याचं ऐका, आणि कुणी हसलं तर हसू द्या. मला एवढंच सांगता येतं, आणि तेही फार उशिरा.

आता तुम्ही, संघप्रमुख. काल गावच्या क्लबात तुमच्या संघाची यंदाची यादी लागली. अकरा मुली, सगळ्यात लहान सोळाची. तासांचा कागद तोच आहे, एक आकडाही बदललेला नाही. सातव्या दिवसापुढे तोच शब्द आहे. त्यातल्या एकीला उद्या ताप आला तर तिला घरी झोपवून तिची जागा राखून ठेवणारा माणूस कोण आहे? त्याचं नाव सांगा. नाव नसेल तर तसं लिहा आणि त्याखाली सही करा.