स्वेटरात अडकलेल्या बाई

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं आणि बाई अजून ट्रायल रूममध्येच होत्या.

"निळा दाखव." पडद्याआडून हात आला.

मी निळा दिला.

"हा नको. हा फारच निळा आहे."

गिऱ्हाईक आत असलं की पडद्यापासून हलायचं नाही, हा मालकांचा नियम. बाहेर पडेल ते झेलायचं. बाई एकेक स्वेटर उलटा करून पडद्यावरून भिरकावत होत्या आणि फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, इथे काही म्हणून धड मिळत नाही. माझ्या पायांशी लोकरीचा ढीग वाढत चालला, राखाडी, गुलाबी, पिस्त्याच्या रंगाचा. दिवसभर उभं राहून पाय इतके बधिर झालेले की खाली जमीन आहे की ढग, कळेना.

घरी माझी लेक आता सासूबाईंच्या मांडीवर पेंगत असेल. हल्ली मी पोचते तेव्हा ती झोपलेली, सकाळी निघते तेव्हाही झोपलेलीच. काल सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ती मला आई म्हणायला लागलीय. मी नाही हो शिकवलं." मी हसून "म्हणू दे की" म्हटलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. आज काहीही करून ती जागी असताना पोचायचं होतं.

"ताई, जरा लवकर झालं तर..."

"एवढी घाई आहे तर दुकान कशाला उघडता गं?"

गल्ल्यावरच्या काकूंनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात आतून घुसमटलेला आवाज आला. "ए! अडकलं! ओढ ना, मरते की काय मी!"

पडदा सारला. आरशासमोर पांढऱ्या लोकरीचं एक बिनचेहऱ्याचं गाठोडं उभं होतं आणि दोन हात हवेत चाचपडत होते. दिव्याचा पिवळा उजेड, कोंदट ऊब, मऊ लोकर. मी दुकानात राहिलेच नाही. हात आपोआप पुढे झाले.

"कुठं गेलं गं माझं बाळ? हात वर कर बघू. अस्सं. शहाणं ते."

गाठोड्याचे हात निमूट वर गेले. कान दुखू नयेत म्हणून मी स्वेटरचा गळा बोटांनी ताणून धरला, आधी मागून सोडवला, मग नाकावरून अलगद. चेहरा बाहेर आला.

"भॉक!"

समोर बाई. केस उभे, गाल लाल. गेली नोकरी.

"तू मला भॉक केलंस?"

"चुकून झालं. घरी लहान आहे माझी..."

त्यांनी आरशात बघून केस दाबले. "आणि मी हातसुद्धा वर केले," त्या पुटपुटल्या. तक्रार माझ्याबद्दल नव्हती, त्यांच्या हातांबद्दल असावी. मग पर्स उचलली आणि काही न घेता, ढिगावर पाय देऊन, शटरखालून वाकून निघून गेल्या.

मी घड्या घालायला खाली बसले, तर काकू ओरडल्या, "ऊठ, पळ! मी बघते. ढीग काही उद्यापर्यंत पिल्लं घालत नाही."

रस्ता आपणहून पायांखालून वाहत गेला. खिडक्यांतले दिवे मागे मागे तरंगत राहिले. दार सासूबाईंनीच उघडलं. लेक त्यांच्या खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले.

तिनं मला पाहिलं. मग आजीला. मग परत मला, जरा विचारात पडल्यासारखं.

"आई."

"ओ," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

सासूबाईंनी जीभ चावली आणि तिला माझ्याकडे दिलं. ती गरम, झोपेनं जडावलेली. तिनं माझ्या मानेत नाक खुपसलं, तिथं चिकटलेली लोकर नाकात गेली, ती दणकून शिंकली आणि टक्क जागी झाली.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता बस खेळवत."

मी चपलाही न काढता तिथंच दारात बसले.