मागची सीट

माझ्या सासऱ्यांच्या, बाळासाहेबांच्या मनात एकच इच्छा होती, आणि ती बोलून दाखवतील तर शपथ! साठ-सत्तरच्या दशकांतल्या मुंबईत एका शेटजींकडे अठरा वर्षं त्यांनी इम्पाला चालवली. रोज सकाळी ती लांबलचक अमेरिकन गाडी धुवायची, मागची सीट मऊ फडक्याने पुसायची, शेटाणींसाठी दार उघडून धरायचं, रविवारी सगळ्या पोराबाळांना चौपाटीवर न्यायचं. पण मागच्या सीटवर ते एकदाही बसले नाहीत. ड्रायव्हरने मागे बसायचं नाही, असा नियमच होता. हेसुद्धा मला जगदीशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने सांगितलं.

आणि नेमकी तसलीच गाडी इथे जपानात, आमच्या त्सुकुबाच्या गल्लीत निघावी! शेजारचे मोरी-सान रिटायर्ड माणूस. भूकंपात गॅरेजचं छप्पर त्यांच्या इम्पालावर कोसळलं, ते पोचे काढण्यात चार वर्षं गेली. बाबा आमच्याकडे आल्यापासून दोघं रोज त्या गाडीपाशी. याला त्याची भाषा येत नाही, त्याला याची, पण गप्पा काय रंगायच्या! अखेर एका रविवारी गाडी रस्त्यावर यायची ठरली आणि मोरी-साननी आम्हाला फिरायला बोलावलं. सोमवारी बाबांचं परतीचं विमान होतं.

"बाबा, सरळ मागे जाऊन बसायचं, कळलं?" मी दहादा बजावलं.

"हो गं बाई."

कसलं हो! गाडी समोर आली मात्र, बाबा तरातरा गेले, मागचं दार उघडलं आणि ताठ उभे राहिले. मोरी-सानसाठी! मी कपाळावर हात मारला. मोरी-सान गोंधळून स्टिअरिंगवरून उतरले आणि वाकले. बाबाही वाकले. पुन्हा मोरी-सान. अशाने तिथेच संध्याकाळ झाली असती.

मग मोरी-सान माझ्या लेकीला, पूर्वीला काहीतरी म्हणाले.

"आजोबा, इथे ड्रायव्हरच्या मागची जागा सगळ्यात मोठ्या माणसाची असते," तिने सांगितलं. "ती तुमचीच आहे म्हणतायत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. तेव्हा कुठे त्यांनी वहाणा काढल्या, भर रस्त्यात, देवळाबाहेर काढतात तशा, आणि आत बसले. मला इतकं भरून आलं की त्या वहाणा उचलायच्या राहूनच गेल्या.

तासभर फिरलो. सायकलवरची कॉलेजची पोरं थांबून हात हलवत होती, बाबाही खिडकीतून हात हलवत होते.

"सावकाश घ्या हं, मोरी-सान!" अगदी शेटजींच्या थाटात, आणि तेही मराठीत.

परत आलो, तर वहाणा कुणीतरी भिंतीशी नीट जोडीने लावून ठेवलेल्या. मोरी-साननी उतरून मागचं दार उघडून धरलं. बाबा हलेनात.

"बाबा, उतरा ना! ते बिचारे ताटकळलेत."

"अगं, अठरा वर्षं मी दार धरून उभा होतो," बाबा सीटवर आणखी रेलून म्हणाले. "त्यांना धरू दे की दोन मिनिटं!"

पूर्वीने ते जसंच्या तसं जपानीत सांगून टाकलं. मोरी-सान खो खो हसले, आणि दार धरून ताठ उभे राहिले.